एकच मूल सांगा

९ जानेवारी

भाऊजी,

पत्र पाहून दचकू नका, तुमचे दादा ठणठणीत आहेत. तुमच्या शाळेत फोन लागतो तो पाण्याच्या टाकीवर चढल्यावरच, आणि पन्नाशीच्या दिराला टाकीवर चढवण्याचं पाप माझ्या माथी नको. शिवाय हे काम कागदावरच होतं.

तर ऐका. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या सगळ्या शाळा बंद करायच्या आणि मुलं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवायची, असा ठराव राज्याच्या शिक्षण समितीपुढे आलाय. मोजणी ३१ मार्चला. त्या दिवशी पटावर वीस नावं असली तर शाळा राहील, एकोणीस असली तर कुलूप. तुमच्या पटावर नेमकी वीस आहेत, हे तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात की हसत हसत सांगता. आता हसू नका.

आमची शिक्षक संघटना एक दुरुस्ती मागतेय. पुढची शाळा पाच किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर वीसची अट लावू नये. समितीत अकरा आमदार आहेत. १२ फेब्रुवारीला आमचे आठ शिक्षक त्यांना भेटणार, आणि त्या आठांना बोलायला शिकवायचं काम नेहमीप्रमाणे माझं. तीस वर्षं वर्गावर घालवून निवृत्त झाले, तर हे लचांड मीच मागून घेतलं. आठवं नाव मी तुमचं दिलंय. न विचारता दिलंय, कारण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.

नियम सांगते. तीन मिनिटं बोलायचं. चौथ्या मिनिटाला आमदार घड्याळाकडे बघतात. पगाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. शिक्षणाचं महत्त्व सांगायचं नाही, ते त्यांना आपल्यापेक्षा पाठ आहे. एकच मूल सांगायचं, एकच मागणी करायची आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यांत अवघड, त्यातून आपण पडलो मास्तर.

तुमची तीन मिनिटं लिहून पाठवा. मी लाल पेन घेऊन बसलेय.

वहिनी

१७ जानेवारी

वहिनी,

आधी नाव देऊन मोकळ्या झालात आणि मग पत्र. तुमचं म्हणजे आधी कळस, मग पाया.

बोलणं सोबतच्या चार पानांत आहे. मोठ्यानं वाचलं तर अकरा मिनिटं होतात, घाईघाईनं नऊ. त्यात शाळेच्या स्थापनेपासूनचं सगळं आलंय. मोठी शाळा नऊ किलोमीटरवर आहे, रस्त्यात दोनदा ओढा लागतो, गाडी दिवसातून दोनदाच, हे नकाशासकट दिलंय.

पण एकच मूल सांगा, हे मला पटत नाही. उरलेल्या एकोणीस जणांनी काय घोडं मारलंय? दोन खोल्या, पाच इयत्ता आणि मी एकटा. मधल्या दारात उभा राहून शिकवतो, तोंड एकीकडे आणि कान दुसरीकडे. एक जण अडखळत बोलतो, पण गाताना अडखळत नाही. दोघी जुळ्या एकमेकींची हजेरी देतात आणि मला अजून ओळखू येत नाहीत. यातलं कुणाला उचलून आमदाराच्या टेबलावर ठेवू? आणि ज्याला ठेवलं नाही, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं बघू?

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. तपासणीला साहेब आले तरी माझा आवाज चिरकतो. दुसरं कुणी बघा ना. शाळा गेली तरी माझी फक्त बदली होईल, असं मी स्वतःला सांगतो, आणि मग स्वतःचाच राग येतो. मुलांची बदली कुठे होणार?

तुमचा दीर

२४ जानेवारी

भाऊजी,

चार पानं वाचली. पेनातली शाई संपली, तुमचा ओढा संपला नाही.

आमचं कसं चालतं ते सांगते. कचेरीच्या वरच्या खोलीत मी आमच्या टंकलेखकाला आमदार करून बसवते. तो हे काम इतकं छान करतो की त्याला कुणीतरी तिकीट द्यायला हवं. मध्येच फोन बघतो, जांभई देतो, 'तुम्ही कुठल्या मतदारसंघातले?' असं विचारून समोरच्याचा पार फज्जा उडवतो. परवा विज्ञानाचे सर 'सर्वांगीण विकास' पाच वेळा म्हणाले आणि तो खरंच झोपला. मग चित्रकलेच्या बाई उठल्या. त्यांच्या वर्गात एक मुलगा आहे, दोघा भावांत मिळून बुटांचा एकच जोड, म्हणून एक दिवसाआड शाळेत येतो. एवढंच सांगितलं. टंकलेखक नाटक विसरला, फोन खाली ठेवून ऐकत बसला.

वीस मुलं म्हटलं की आमदाराला आकडा ऐकू येतो. एक म्हटलं की मूल दिसतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, हे असं आहे. शाळा सुटल्यावर घरी जाताना जे मूल तुमच्या डोक्यातून जात नाही, ते सांगा. हातचं राखू नका.

आणि दुसरं कुणी बघणार नाही. तुमच्यासारखी, काठावर उभी असलेली शाळा आमच्या आठांत दुसरी नाही.

वहिनी

२ फेब्रुवारी

वहिनी,

घरी जाताना डोक्यातून न जाणारं मूल आहे. तुम्हाला कसं कळलं देव जाणे.

चौथीतली मुलगी, दहा वर्षांची. पोरं तिला 'छोट्या बाई' म्हणतात आणि माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात. आईबाप कोंबड्यांच्या शेडवर कामाला. दिवस उजाडायच्या आत त्यांना न्यायला गाडी येते. घरात तिसरं मोठं माणूस नाही, म्हणून ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. साडेतीन वर्षांचा आहे. चालतो झकास, पण अडीच किलोमीटर कसा चालेल? त्याचं वय पटात बसत नाही. नियमानं मी त्याला वर्गात बसू देता कामा नये. मी देतो. तो तिच्या बाकाखाली खेळतो, दुपारी तिच्या दप्तरावर डोकं ठेवून झोपतो. ती एका हातानं लिहिते, दुसऱ्यानं त्याला थोपटते. गुणाकार तर असा करते की कधी कधी मीच माझं उत्तर तिच्याशी ताडून बघतो.

रोज सकाळी फळ्यावर पट आणि हजेरी लिहायचं काम तिचं. पट वीस, हजर अमुक. विसाला एक कमी झालं तर शाळेला कुलूप, हे आता तिलाही ठाऊक आहे. कुणी गैरहजर असलं की दुसऱ्या दिवशी त्याची खरडपट्टी काढते.

मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी जाऊन विचारलं. साडेतीन वर्षांचं पोर ते गाडीत घेणार नाहीत, वर्गात तर नाहीच नाही. म्हणजे आमची शाळा बंद झाली की बाकीचे कसेबसे जातील, ही घरी बसेल.

हे तीन मिनिटांत बसतं, मोजून पाहिलं. पण सांगवत नाही. तिच्या घरातलं तिच्या पाठीमागे चारचौघांत सांगायचं, म्हणजे चहाडीच की. तुम्हीच सांगा काय करू.

तुमचा दीर

६ फेब्रुवारी

भाऊजी,

हेच. एक शब्द हलवू नका. फक्त गुणाकार काढा. हुशार मुलाची कीव कुणाला येत नाही. कडेवरचा भाऊ, दुपारची झोप, मोठ्या शाळेचा नकार, मागणी. मग गप्प. घसा खाकरायचा नाही, आभार मानायचे नाहीत. त्या शांततेत जो आधी बोलेल तो हरला.

तुम्हाला मी समितीच्या अध्यक्षबाईंकडे टाकलंय. बाकीच्या दहांत पाच आपल्या बाजूचे, पाच विरुद्ध, म्हणजे सगळं त्यांच्या मतावर येऊन ठेपणार. मुलींच्या बाबतीत त्या हळव्या आहेत, एवढं सांगून ठेवते.

चहाडीचं म्हणाल तर नावगाव सांगायचं नाही. आणि तिच्या आईबापांना आधी विचारा, हा नियम सगळ्यांनाच आहे. विचारलंत की कळवा. तुमचे दादा म्हणतात, कोटाला इस्त्री करून आणा, तुमचा कोट नेहमी त्यात झोपून उठल्यासारखा दिसतो.

वहिनी

९ फेब्रुवारी

वहिनी,

सगळं विचारून झालंय, काळजी नसावी. कोट इस्त्रीला दिलाय. तिथे प्यायला पाणी असेल ना?

तुमचा दीर

१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही बाहेरच्या बाकावर बाकीच्या सात जणांना धीर देत होता आणि माझी बस सुटत होती, म्हणून नुसता हात हलवून पळालो. आता सविस्तर लिहितो.

खोली लहान निघाली. मला वाटलं होतं दरबार असेल. एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीत वाळलेली कुंडी, कोपऱ्यात कागदांचे गठ्ठे. अध्यक्षबाई चपला काढून, टेबलाखाली पाय चोळत बसल्या होत्या. ते पाहून माझी भीती निम्मी झाली.

बोललो. दोन मिनिटं चाळीस सेकंद. दुपारी झोपणाऱ्या भावापाशी आलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मागणी सांगितली आणि गप्प बसलो. तुम्ही म्हणता ते खरं, त्या गप्प बसण्यात माझं वय दोन वर्षांनी वाढलं.

मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरोखर पुसले, नाटक नव्हतं. म्हणाल्या, "नाव काय मुलीचं?"

आणि मी सांगितलं. तिचं नाव, बापाचं नाव, शाळा, वस्ती, सगळं. जन्मभर प्रश्न आला की उत्तर द्यायची सवय, तोंडातून निघूनच गेलं. ती फार हुशार आहे हेही सांगितलं. तुम्ही काढलेला गुणाकार मी परत घातला. समोर बाई रडतायत, म्हटलं आता हात आखडता कशाला घ्या?

त्या उठून उभ्या राहिल्या, माझे हात हातात घेतले. म्हणाल्या, "सर, निर्धास्त जा. या मुलीचं मी बघते."

काम फत्ते ना, वहिनी? बसमध्ये मी एकटाच हसत होतो. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

तुमचा दीर

२१ फेब्रुवारी

भाऊजी,

अभिनंदन. इथे सगळे तुमचं नाव घेतायत. विज्ञानाचे सर तर विचारत होते, भाऊजींची शिकवणी लावू का.

एक सांगा. 'या मुलीचं मी बघते', नेमकं असंच म्हणाल्या? 'शाळेचं बघते' किंवा 'दुरुस्तीचं बघते' असं काही? नीट आठवून लिहा. विशेष काही नाही, मला नोंदीसाठी हवंय.

मतदान १० मार्चला आहे. तोवर शांत राहा.

वहिनी

५ मार्च

वहिनी,

तुमचं 'नोंदीसाठी' मला आता कळलं.

परवा पांढरी गाडी आली. अध्यक्षबाईंचे चिटणीस आणि एक फोटोवाला. ते आधी कोंबड्यांच्या शेडवर गेले होते, बापाला गाडीत घालूनच शाळेत आले. बापानं सही केलेली होती. राजधानीत निवासी शाळा आहे, राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, दहावीपर्यंत सगळं अध्यक्षबाई करणार. मुलगी तेव्हा फळ्यापाशी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि हा?" चिटणीस म्हणाले, तिथे इतक्या लहान मुलांची सोय नाही.

भावाला तिच्या अंगावरून सोडवावं लागलं. ते काम मी केलं. मनगटावर त्याचे दात अजून दिसतात. फोटोत तेवढं आलेलं नाही.

आईनं शेडवर जाणं सोडलंय, त्याला बघायला. बाप माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "सर, पोरीचं सोनं केलंत." मी त्यांना विचारलं नव्हतं, वहिनी. तुम्हाला खोटं लिहिलं. दारापर्यंत गेलो होतो. दोघं कामावरून येऊन भिंतीला टेकून बसले होते, इतके दमलेले की मी इकडचं तिकडचं बोलून परत आलो. म्हटलं, नाव तर सांगायचंच नाहीये.

आता पट एकोणीस. दाखला गेला त्याच दिवशी नाव कमी करावं लागलं.

तुमची दुरुस्ती झाली तर अजून काही बिघडलेलं नाही. निकाल लागला की लगेच कळवा. मी टाकीवर चढून फोन लावून बघणार आहे.

तुमचा दीर

१२ मार्च

भाऊजी,

फोनवर तुम्हाला 'पडली' एवढंच ऐकू गेलं असणार. मतं पाच विरुद्ध पाच झाली आणि अध्यक्षबाईंनी दुरुस्तीच्या विरुद्ध मत दिलं.

मी त्यांना जिन्यात गाठलं. त्यांना माझा राग कळेचना. म्हणाल्या, "अहो, तुमच्या सरांनी जी अडचण सांगितली ती मी स्वतः सोडवली. आणखी अशी मुलं असतील तर मला कळवत जा." तोंडदेखलं नाही, मनापासून म्हणाल्या. त्यांच्या लेखी तुम्ही एक मुलगी घेऊन आलात, त्यांनी ती मुलगी उचलली, विषय संपला. आणि मुलगी घेऊन जायला तुम्हाला मी शिकवलं होतं.

आता जे लिहिते ते वाचून तुम्ही मला वहिनी म्हणायचं सोडलंत तरी चालेल. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका संगीताच्या शिक्षिकेनं त्यांना असंच एक मूल सांगितलं होतं. पायानं अधू मुलगा, वर्ग वरच्या मजल्यावर. मागणी होती की सगळ्या शाळांत जिन्याशेजारी उतार बांधावेत. बाई रडल्या. आठवड्याभरात त्या मुलाला चाकांची खुर्ची आली, आणि उताराचा ठराव पडला. ती खुर्ची घेऊन पोर जिन्याच्या पायथ्याशी बसत असे.

म्हणजे मला माहीत होतं. तरी तुम्हाला मी त्यांच्याकडेच पाठवलं, कारण मत त्यांचं हवं होतं आणि मला वाटलं, या वेळी दोन्ही मिळेल. समोरच्याला रडवायला मी शिकवते. रडून झाल्यावर तो काय करेल हे माझ्या हातात नसतं, आणि तुम्हाला तेवढंसुद्धा मी आधी सांगितलं नाही. हळव्या आहेत म्हणून लिहिलं आणि पुढचं गिळलं.

तुमच्या दादांना काल सांगितलं. ते अर्ध्या ताटावरून उठले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

वहिनी

१५ मार्च

वहिनी,

रागावलोय. पण रागवायचा हक्क मला किती आहे हे ठरत नाही, म्हणून तो नंतरसाठी ठेवतो. मोजणीला सोळा दिवस राहिलेत.

धाकट्याचं नाव घालता येणार नाही. साडेतीन वर्षांचं पोर सहाचं दाखवलं तर आंधळ्यालाही दिसेल. वस्तीत दुसरं मूल नाही, घरोघर फिरून आलोय. एकच वाट आहे. मुलीनं 'मला घरी जायचंय' म्हटलं, तर बाप तिला घेऊन येईल. पोरीचा शब्द तो खाली पडू देत नाही. दाखला परत आला की पट वीस.

ती तिथे रडत असणार. माझी खात्री आहे. भावाशिवाय ती एक दिवस राहिलेली नाही. तिला फक्त कुणीतरी विचारायला हवं. निवासी शाळा तुमच्या कचेरीपासून दोन थांब्यांवर आहे. जा आणि विचारा. बोलायचं कसं ते मी तुम्हाला सांगायला नको, तीन मिनिटं पुरतील.

तुमचा दीर

२३ मार्च

भाऊजी,

गेले होते. परवा दुपारी, सुट्टीच्या वेळेला.

लांब खोली, दोन्ही बाजूंना पलंग, मधून दोरीवर वाळत घातलेले गणवेश. ती तिच्या पलंगावर पालथी पडून वाचत होती, पाय हवेत हलवत. मी जवळ जाऊन उभी राहिले तरी तिला पत्ता नव्हता. पान उलटायला एक हात, हनुवटीखाली दुसरा. दोन्ही हात तिचे तिला होते.

मी सांगितलं, मी तुझ्या सरांची वहिनी. ती खुदकन हसली. "सरांना वहिनी आहे?" मास्तरांना घरदार असतं हे पोरांना कधी पटतच नाही. मग तिनं मला सगळं दाखवलं. तिचं कपाट, कपाटाची किल्ली. गणिताच्या बाईंनी तिला पाचवीच्या मुलींबरोबर बसवलंय. पहिले आठ दिवस रडले, म्हणाली.

"आता?" मी विचारलं.

तिनं खाली बघून, हळू आवाजात सांगितलं, "बाई, कुणाला सांगू नका हां. आता दुपारी मी त्याला विसरते. संध्याकाळी आठवतो. मग मला फार वाईट वाटतं."

भाऊजी, मी घरून शब्द जुळवून गेले होते. भावाबद्दल दोन वाक्यं, शाळेबद्दल एक, मग प्रश्न, मग गप्प बसायचं. मी म्हटलं असतं तर ती उठून आली असती, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आठ जणांना शिकवलेली युक्ती दहा वर्षांच्या पोरीवर चालली नसती का? माझ्यानं तोंड उघडवलं नाही. घंटा झाली, ती पळाली. पुन्हा वळून आली, पुस्तकात खूण घातली आणि पळाली.

मी विचारलेलं नाही. तुम्हाला विचारायचं असेल तर या आणि विचारा. एकोणीस मुलांचं वजन तुमच्या पाठीवर आहे, माझ्या नाही; तुम्ही विचारलंत तर मी तुम्हाला दोष देणार नाही.

वहिनी

३० मार्च

वहिनी,

काल येऊन गेलो. तुमच्याकडे आलो नाही, माफ करा. घरात शिरलो असतो तर दादांसमोर बसून रडलो असतो.

मी विचारायलाच आलो होतो. बसमध्ये सगळं घोकलं होतं. जुळ्या, अडखळणारा, सगळ्यांची आठवण काढून मन घट्ट केलं होतं. ती धावत आली आणि पहिला प्रश्न, "सर, पट किती?"

मी गप्प. तुमचं खरं आहे, जो आधी बोलेल तो हरतो. ती म्हणाली, "मी आले म्हणून एकोणीस झाला ना? मला माहीत आहे. विसातून एक. सर, मी परत येऊ का?"

वहिनी, मला मागावंच लागलं नाही. ती आपणहून देत होती. माझ्या तोंडून फक्त 'हो' निघायचं होतं. आणि तिच्याकडे बघितलं तर ती कपाटाची किल्ली मुठीत घट्ट धरून उभी होती.

मी म्हटलं, "छे गं. नवी मुलगी आलीय ना. पट वीस आहे."

तिनं विश्वास ठेवला, पण उलटतपासणी सोडली नाही. कितवीत आहे? चौथीत. कुठे बसते? तुझ्या बाकावर. माझ्या भावाला कोण बघतं? तीच बघते. नाव काय तिचं? ऐन वेळेला दुसरं नाव सुचेना, तुमचं सांगितलं. मग तिनं वहीतलं पान फाडून, जिन्यात बसून एक चिठ्ठी लिहिली, चार घड्या घातल्या आणि मला बजावलं, सर, तुम्ही वाचायची नाही, तिलाच द्या. मी वाचलेली नाही. बाहेरच्या घडीवर नाव तुमचं आहे, म्हणून तुम्हाला पाठवतोय.

उद्या दहाला साहेब येतील. मी एकोणीस लिहीन.

तुमचा दीर

(चार घड्या घातलेलं वहीचं पान)

नव्या मुलीला,

सरांनी तुझं नाव सांगितलं. म्हाताऱ्या बाईसारखं आहे पण चांगलं आहे.

आपल्या बाकाचा एक पाय हलतो. त्याच्याखाली कागदाची घडी लाव. माझा भाऊ तुला आधी चावेल. तू रागावू नकोस, मग तो चावत नाही. त्याला झोप आली की तो कान ओढतो. तेव्हा त्याला भिंतीकडे तोंड करून निजव. उठल्यावर तो मला शोधेल. त्याला सांग ताई पाणी प्यायला गेली आहे. उद्या पण तेच सांग. रोज तेच सांग.

अडखळणाऱ्या मुलाला कोणी हसलं तर तू हसू नकोस. जुळ्यांपैकी जी आधी हसते ती धाकटी. हे सरांना माहीत नाही.

मला इथे पलंग आहे. तू आलीस म्हणून मला इथे राहता येतं. तू कुठे जाऊ नकोस.